परळची मात्रा

परळला कुणी हौसेने जात नाही. चौपाटीला माणूस हौसेने जातो, राणीच्या बागेत जातो; लालबागला गणपतीच्या रांगेत दहा-दहा तास तिष्ठत उभा राहणारा भाविकही हौसेनेच उभा असतो. परळला निघालेल्या माणसाच्या हातात मात्र बहुधा एक फुगलेली पिशवी असते. तिच्यात एक्स-रेचे मोठे पाकीट, रिपोर्टांची फाईल, पाण्याची बाटली आणि घरून बांधून दिलेल्या भाकरी. असा माणूस बसच्या कंडक्टरला ‘परळ’ असे सांगतच नाही. तो ‘टाटा’ म्हणतो, ‘केईएम’ म्हणतो, ‘वाडिया’ म्हणतो. गावाचे नाव विसरून इस्पितळांच्या नावाने ओळखली जाणारी अशी वस्ती साऱ्या महाराष्ट्रात दुसरी नसावी.

मी राहतो गिरगावात आणि मराठी शिकवतो दादरच्या एका कॉलेजात. त्यामुळे गेली वीस वर्षे भायखळा, लालबाग, परळ हा रस्ता माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेत आहे. आमचे वडील याच रस्त्याने ट्रामने जात. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली तीही इथूनच. त्या वेळी खिडकीतून गिरण्यांची धुराडी दिसत. आता दिसतात ते चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे, आणि त्यांच्या सावलीत फुटपाथवर चटई टाकून बसलेली, परगावाहून आलेली रुग्णांची बिऱ्हाडे. मनोरे नवे आहेत, बिऱ्हाडे जुनीच.

परळ हे नाव परळी वैजनाथ महादेवावरून आले असे काही जण म्हणतात, पाडळीच्या झाडांवरून आले असे काही म्हणतात. तो वाद मी पंडितांवर सोपवतो. मला अधिक कुतूहल आहे ते दुसऱ्याच एका शब्दाचे. वर्गात वृत्ते शिकवताना मी फळ्यावर लघुगुरूंच्या खुणा करून मात्रा मोजतो. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन. तोच शब्द वैद्याच्या तोंडीही असतो. आमच्या आजीच्या लाकडी पेटीत हेमगर्भाची मात्रा असे. माणूस अखेरच्या घटकेला आला की ती सहाणेवर उगाळून मधातून चाटवायची. चार वळसे द्यायचे की पाच, यावर घरातल्या बायकांचे एकमत कधी होत नसे. औषध उपयोगी पडले की आपण ‘मात्रा लागू पडली’ म्हणतो. औषध म्हणजेच मात्रा, आणि मात्रा म्हणजे माप, हे भाषेने फार पूर्वी ओळखले होते. परळच्या वैद्यकाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा त्या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी मला हाच शब्द दिसला. केवढे द्यायचे, आणि केवढे परवडते?

आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची भव्य जुनी इमारत आहे. पोर्तुगीज काळात तिथे ख्रिस्ती मठ होता, पुढे मुंबईच्या गव्हर्नराचा राजवाडा झाला. १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी याच वाड्यात पटकीने वारल्या आणि गव्हर्नरसाहेबांच्या बिऱ्हाडाने मलबार पॉइंटचा रस्ता धरला. ज्या वाड्यातून एका साथीने गव्हर्नराला बाहेर काढले, त्याच वाड्यात दुसऱ्या साथीवरची लस करणारा माणूस राहायला आला, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण त्याला हसलो असतो.

ती दुसरी साथ प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी तिचा पहिला रुग्ण ओळखला. वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून बोलावला गेला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या संसारावर त्याने तीन महिन्यांत लस उभी केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती पहिल्यांदा टोचली ती स्वतःला, आणि तीही नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत. ताप भरला, अंग ठणकले, तरी गडी कामाला लागला. १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळच्या वाड्यात आली, आणि १९२५ पासून त्या संस्थेला त्याचेच नाव आहे.

हाफकिनची सारी भिस्त एका गोष्टीवर होती. शरीराला शत्रूचे मेलेले प्रेत आधी दाखवून ठेवायचे, म्हणजे जिवंत शत्रू आला की शरीर त्याला ओळखते. पण जो शत्रू बाहेरून आलाच नाही, जो आपल्याच रक्तामांसाचा आहे, त्याचे काय? घरभेद्याला टिपण्याची विद्या शरीराला कशी शिकवायची? हा प्रश्न हाफकिनच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, डॉ. अर्नेस्ट बोर्जिस मार्गावर, दुसऱ्या एका इमारतीत उभा राहायचा होता.

टाटा मेमोरियल इस्पितळाचा जन्मही एका गृहस्थाच्या दुःखातून झाला. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या गळ्यातला २४५ कॅरटचा जुबिली हिरा कोहिनूरच्या दुपटीहून मोठा होता, आणि १९२४ साली पोलादाचा कारखाना वाचवण्यासाठी तोही गहाण पडला होता. असा हिरा ज्यांच्या घरी, त्यांनाही परदेशी वैद्यक उपयोगी पडले नाही. वर्षभराने दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे इस्पितळ उघडले. भोवताली गिरण्या, गिरण्यांभोवती चाळी, आणि मधोमध कर्करोगाचे इस्पितळ.

त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळा ज्यांच्या हाती आल्या ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. १८९५ चा जन्म. लंडन विद्यापीठाची एम.डी. १९२३ ची, ग्रँट मेडिकल कॉलेज आणि परळचे जी. एस. मेडिकल कॉलेज इथे प्राध्यापकी करून ते टाटांकडे आले. पॅथॉलॉजी हा त्यांचा विषय. रोग्याच्या शरीराचा पातळ काप काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहायचा, हे त्या विषयाचे रोजचे काम. काचेवरचा काप पाहणारे पुष्कळ असतात. खानोलकरांना त्या कापामागचा माणूस दिसे. तो कोण, कुठला, काय खातो, काय नेसतो?

‘काय नेसतो’ हे मी अलंकार म्हणून लिहिलेले नाही. त्यांनी १९४५ साली एका सहकारी डॉक्टरांबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात ‘धोतराचा कर्करोग’ आहे. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बसते, घामाने आणि घर्षणाने कातडी काळी पडते, जाड होते, आणि एखाद्याच्या बाबतीत तिथेच कर्करोग उमटतो. पुढे परकराच्या नाडीखालीही तसाच कर्करोग डॉक्टरांना आढळला. आमच्या पिढीने धोतर लग्नमुंजीपुरतेच पाहिले, तेव्हा आठवण करून द्यायला हवी, की धोतराच्या याच जागेला कनवट म्हणतात आणि गरिबाचे पैसे तिथेच खोचलेले असतात. लंडनहून शिकून आलेला एक डॉक्टर गरिबाच्या कनवटीखालची कातडी भिंगातून पाहतो आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

जात, प्रांत, आहार, व्यसन यांप्रमाणे कर्करोग कसा वेगळा होतो याची मोजदाद त्यांनी मांडली, आणि तंबाखू व तोंडाचा कर्करोग यांचे नाते आकड्यांनी दाखवणाऱ्यांत ते अगदी आधीचे. लालबाग-परळच्या माणसाला हे आकड्यांशिवायही कळायला हवे होते. सुताच्या गिरणीत विडी पेटवण्याची सोय नाही. कापसाने पेट घेतला तर सारे खातेच भस्म व्हायचे. म्हणून कनवटीत पैसे आणि खिशात चंची. डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या अंगठ्याने चुना, दोन टाळ्या, आणि चिमूट गालात. साच्यावर आठ तास उभे राहायचे तर एवढा आधार हवाच, असे जुने कामगार सांगत. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्या नाहीत, भोंगे बंद पडले. चंच्या मात्र बंद पडल्या नाहीत. त्यांची जागा झगमगीत पुड्यांनी घेतली एवढेच.

खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ साली परळला कर्करोग संशोधनाची स्वतंत्र संस्था निघाली, इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर. तिथे त्यांच्या हाताखाली तयार झाल्या कमल रणदिवे, पुण्याच्या समर्थांची लेक, फर्ग्युसनची विद्यार्थिनी. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जिवंत पेशी बाटलीत वाढवण्याची विद्या शिकून त्या आल्या आणि परळला ती रुजवली. १९५८ साली चि. वि. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी महारोग्यांच्या शरीरातून एक जंतू वेगळा करून वाढवला. त्याला नाव मिळाले संस्थेचेच, आय.सी.आर.सी. जंतू. त्यापासून केलेल्या लसीने दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत महारोगापासून ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. कर्करोगाच्या घरात महारोगाची लस कशी, असे कुणी विचारील. पण कर्करोग आणि महारोग या दोन्हींत मूळ प्रश्न एकच आहे: शत्रू समोर असताना शरीर गप्प का बसते?

खानोलकर १९५४ साली पद्मभूषण झाले, १९६० ते ६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि १९७८ साली गेले. रस्त्याला नाव मिळाले ते शस्त्रवैद्य बोर्जिसांचे, त्यांचेही ऋण मोठेच. खानोलकरांचे नाव मात्र परळच्या रस्त्यावर दहा जणांना विचारले तर एकाला तरी ठाऊक असेल की नाही, मला शंका आहे. मराठी माणूस आपल्या नटांची आणि गायकांची जेवढी आठवण ठेवतो, त्याच्या शतांशानेही शास्त्रज्ञांची ठेवत नाही. आणि यात आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचाही वाटा आहे, कारण आमच्या वाङ्मयेतिहासांत त्यांना बसायला जागाच नसते.

शरीर गप्प का बसते, या प्रश्नाचे अर्धे उत्तर जपानमधून आले. अंगच्या प्रतिकारशक्तीकडून कर्करोग मारवावा ही कल्पना जुनीच. न्यूयॉर्कचा एक शस्त्रवैद्य, विल्यम कोली, १८९१ सालीच रोग्यांना जंतू टोचून पाहत होता, आणि काही गाठी खरोखर विरघळल्याही. पण कशामुळे, ते त्याला सांगता येईना. १९९२ साली क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत पीडी-वन नावाचा एक रेणू सापडला, आणि पुढे त्याचे काम उलगडले. आपल्या रक्तातल्या टी पेशी म्हणजे गिरणीच्या फाटकावरचे दरवान समजा. येणाऱ्याजाणाऱ्याला ते हटकतात, परका दिसला की बडवतात. आपल्याच माणसांना बडवू नये म्हणून त्यांना एक पास दाखवायची सोय निसर्गाने केली आहे. पीडी-वन म्हणजे तो पास तपासणारा दरवानाचा डोळा. कर्करोगाची पेशी बेरकी. ती हाच पास दाखवते. दरवान सलाम ठोकतो, चोर आत शिरतो. निव्होलुमॅब नावाचे औषध त्या डोळ्यावर हात ठेवते. पास दिसलाच नाही की दरवान दांडका उगारतो. होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ साली नोबेल मिळाले ते या विद्येबद्दल.

ज्यांच्या गळ्याच्या, जबड्याच्या गाठी सगळ्या उपायांना पुरून उरल्या, अशांपैकी काही जण या औषधाने वर्षानुवर्षे जगले. सगळे नव्हे, थोडेच. पण त्या थोड्यांचे जगणे पूर्वी कुणी पाहिले नव्हते. आणि मग आली किंमत. ठरलेली मात्रा दर पंधरवड्याला २४० मिलिग्रॅम, खर्च महिन्याला लाखांच्या हिशेबात. गरीब आणि मध्यम देशांत अशी उपचारपद्धती शंभरातल्या जेमतेम एक ते तीन रुग्णांना झेपते, असे टाटातल्या डॉक्टरांनीच लिहून ठेवले आहे. म्हणजे औषध निघाले आहे, बाटली कपाटात आहे, आणि शंभरातले सत्त्याण्णव फुटपाथवर आहेत.

परदेशी निबंध वाचून, उसासा टाकून गप्प बसणे सोपे होते. टाटामध्ये डॉ. कुमार प्रभाष, डॉ. वनिता नोरोन्हा आणि त्या वेळी तिथे असलेले डॉ. विजय पाटील यांनी निराळी वाट धरली. तिची सुरुवात गोळ्यांपासून झाली. रुग्णाला शिरेतून जहाल औषधाचा मोठा डोस तीन आठवड्यांनी देण्याऐवजी, स्वस्त गोळ्या थोड्या थोड्या पण खंड न पाडता द्यायच्या. या पद्धतीला ते मेट्रोनॉमिक म्हणतात, गाण्याच्या तालमीतल्या लंबकाच्या यंत्रावरून. आपण ठेक्याची पद्धत म्हणू. गवयाची तान लांबली तरी तबलजी ठेका सोडत नाही, तसे. तोंडाघशाचा कर्करोग बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या ४२२ रुग्णांवर त्यांनी ही पद्धत शिरेतल्या औषधाशी ताडून पाहिली. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला: गोळ्यांवर जगण्याचा मध्यावधी साडेसात महिने, शिरेतल्या औषधावर ६.१. फरक दीडेक महिन्याचा, पण स्वस्ताच्या बाजूने. स्वस्त औषध महागाहून सरस ठरल्याची बातमी आपल्याकडे पहिल्या पानावर यायला हवी होती.

मग त्यांनी त्या ठेक्यात नव्या औषधाची भर घातली, आणि इथे मला माझा शब्द सापडला. मात्रा ठेवली तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम. हिशेब करून पाहा. सहा आठवड्यांत पूर्ण मात्रेचे ७२० मिलिग्रॅम होतात, यांचे होतात ४०. अठरावा हिस्सा! एवढ्याशाने काय होणार, असे कुणीही म्हणेल. पण औषधाच्या अगदी पहिल्या चाचण्यांतच एक गोष्ट दिसून आली होती. दरवानाचा डोळा झाकायला फार औषध लागत नाही. थोड्या मात्रेलाच बहुतेक डोळे झाकले जातात, पुढे कितीही ओतले तरी झाकायचे फारसे काही उरत नाही. आजीच्या सहाणेवरचे वळसे मला इथे आठवले. वळसा जास्त दिला म्हणून गुण जास्त येतोच असे नाही.

१५१ रुग्ण. निम्म्यांना नुसत्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि २० मिलिग्रॅम. वर्षाअखेर नुसत्या गोळ्यांवरचे १६.३ टक्के जिवंत होते. २० मिलिग्रॅमवाले ४३.४ टक्के. जगण्याचा मध्यावधी ६.७ महिन्यांवरून १०.१ वर गेला. २०२२ साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या मोठ्या मेळाव्यात हा निबंध वाचला गेला आणि पुढे त्यांच्याच नियतकालिकात छापून आला. याला चमत्कार म्हणू नये. शंभरातली सत्तावन्न माणसे वर्षाच्या आत गेलीच. शिवाय या चाचणीत लहान मात्रेची गाठ पूर्ण मात्रेशी घातलेली नव्हती, तेव्हा लहान ती मोठीइतकीच चांगली असे यावरून सिद्ध होत नाही. पण ज्याला पूर्ण मात्रा या जन्मी मिळणारच नाही, त्याच्यापुढे तो प्रश्नच नाही. त्याच्यापुढे प्रश्न एवढाच, की काही नाही की थोडेसे? आणि थोडेसे लागू पडते, हे परळने आकड्यांनी दाखवले. औषध बनवणारी कंपनी आपल्या औषधाची अठरापट कमी मात्रा खपवण्यासाठी पैसा खर्च करणार नाही हे उघड आहे. असा प्रश्न विचारायला फुटपाथ रोज ओलांडून कामाला जाणारा डॉक्टरच लागतो.

दुसरी वाट अधिक साहसाची, तिचा एक पाय पवईला आहे. रुग्णाच्या टी पेशी काढून घ्यायच्या, त्यांत नवे जनुक घालून त्यांना रक्ताच्या कर्करोगातल्या पेशींचा जणू फोटोच हाती द्यायचा, आणि पुन्हा रुग्णाच्या अंगात सोडायच्या. दरवानाला शाळेत पाठवून परत कामावर रुजू करून घेण्यासारखे. परदेशात या कार-टी उपचाराची किंमत २०१७ साली पावणेपाच लाख डॉलर होती. पवईच्या आय.आय.टी.तले राहुल पुरवार आणि टाटातले डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन यांच्या चमूने देशी उपचार तयार केला. २०२१ च्या जूनमध्ये टाटाच्या खारघर केंद्रात पहिल्या रुग्णाला तो दिला गेला, २०२३ च्या ऑक्टोबरात सरकारी परवाना मिळाला, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला त्याचे लोकार्पण केले. चाचणीचा निकाल २०२५ साली आला: ज्या ५१ रुग्णांत परिणाम तपासता आला त्यांपैकी ७३ टक्क्यांनी प्रतिसाद दिला. किंमत परदेशाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तरीही चाळीस लाखांच्या आगेमागे! ज्या रोगाने मेहेरबाई गेल्या त्याच कुळातल्या काही रोगांवर तो लागू आहे. पण हिरा गहाण ठेवायला सर्वांकडे हिरे नसतात.

गेल्या आश्विनात एका संध्याकाळी कॉलेज लवकर सुटले म्हणून मी दादर टीटीहून लालबागपर्यंत पायीच निघालो. हिंदमाता ओलांडून बोर्जिस मार्गाकडे वळलो, तर इस्पितळाच्या भिंतीला टेकून दोघे गृहस्थ बसलेले. एकाच्या डोक्याला परभणीकडचा पटका, दुसऱ्याची अंगकाठी आणि बोली चिपळूणकडची. दोघांच्याही जबड्याखाली शस्त्रक्रियेचा व्रण. मी रस्ता विचारल्याचे निमित्त केले. पटकेवाल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवून ओळख करून दिली.

“ह्ये आमचे बाटलीभाऊ.”

मी चमकलो. कोकणकर गालातल्या गालात हसले.

“तसला काय नाय हो सायेब. दोघांका औषध एकाच बाटलीतला.”

मला हळूहळू उलगडा झाला. औषधाची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची येते, मोठी १०० ची. म्हणजे लहानीत दोघांची मात्रा, मोठीत पाच जणांची. उघडलेली कुपी फार काळ टिकत नाही, तेव्हा वाटेकऱ्यांनी एकाच दिवशी आले तर खर्चही वाटला जातो. या दोघांची तारीख एक, बाक एक, तेव्हापासूनची ओळख. तिसऱ्या आठवड्याला एक गोदावरीकाठाहून रेल्वेने निघतो, दुसरा वाशिष्ठीकाठाहून एस.टी.ने, आणि रात्री दोघेही दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत अंग टाकतात.

“यांची गाडी चुकली म्हंजी माजं कसं व्हावं,” परभणीकर म्हणाले. “म्हून आदल्या राती मी फोन करतो, निगाले का म्हून.”

“आणि मी निघालेलाच असतंय,” कोकणकर म्हणाले.

कितवी मात्रा, असे मी विचारले. सातवी, दोघांचीही. पुढे किती, हे मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. त्यांना लालबागला जायचे होते, मलाही तिकडेच. भारतमाता टॉकीजवरून तिघे चालत गेलो. मसाल्याच्या बाजारात शिरलो तशी मिरचीची खकाणी नाकात गेली आणि आम्ही तिघेही शिंकलो. व्रण सांभाळत शिंकणे सोपे नसते. दोघांनीही तळहाताने जबडा धरला. मिरची-मसाला त्यांच्या तोंडाला आता चालत नाही. पेज, ताक आणि मऊ भात एवढ्यावरच असतात. तरी कोकणकरांनी दिवाळीसाठी घरच्यांना अर्धा किलो मसाला घेतला. परभणीकर शेजारच्या गल्लीत चिवड्याच्या दुकानापुढे उभे राहिले, भाव विचारला, आणि मग कनवटीला हात घालून पैसे काढू लागले.